बुधवारच्या भागावर गुरुवारची पत्रं

एरवी या पानासाठी येणारी पत्रं भेळेसारखी असतात. कुणाला ऱ्हस्व-दीर्घाची शंका, कुणाला पदरमोड करून कवितासंग्रह छापावा का हा प्रश्न, कुणाची तक्रार की नवरा पुस्तकं रद्दीत घालतो. या महिन्यात पिशवी उघडली तर एकच विषय. मोबाइलवर मी जी कथामालिका लिहिते तिच्या एकसष्टाव्या भागात अण्णा गेले, आणि अख्खा जिल्हा माझ्यावर रुसून बसला.

ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाशकात गोदाकाठच्या एका जुन्या वाड्यात अण्णा राहतात. आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. नात मीरा निफाडकडे कांद्याच्या घरात दिलेली. नवरा सदाशिव, एक नणंद, आणि सासू. २ ऑगस्ट २०१६च्या पुरात अण्णा ‘घाटावरचा मारुती किती बुडाला बघून येतो’ म्हणून घाटाकडे जातात ते परतत नाहीत. पाणी ओसरल्यावर घाटाच्या पायरीवर मीराला त्यांच्या चपला दिसतात. शेजारी शेजारी, उजव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला. भाग तिथं संपतो. दर बुधवारी रात्री मी भाग टाकते, गुरुवारी सकाळपासून तुम्ही सुरू होता.

प्रश्न : ताई, अण्णांना मारून तुम्हाला काय मिळालं? माझे वडील गेले तेव्हा मी कंपनीत पाळीवर होते, धड रडताही आलं नाही. तुमचा भाग कंपनीच्या बसमध्ये वाचला आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. अण्णांना परत आणा, नाहीतर मी वाचणं सोडणार.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि जरा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. मग परत येऊन लिहायला बसले.

‘परत आणा’ ही मागणी जुनी आहे. डिसेंबर १८९३मध्ये लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात कॉनन डॉइलनं शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या एका धबधब्यात संपवलं. हजारो वाचकांनी वर्गणी बंद केली म्हणतात. डॉइल कितीतरी वर्षं बधला नाही. १९०१मध्ये त्यानं होम्सची मरणाआधीची म्हणून एक गोष्ट सुरू केली, म्हणजे अर्धी शरणागती. आणि १९०३मध्ये होम्स चक्क जिवंत होऊन डॉक्टर वॉटसनसमोर उभा! हे जमलं कसं? तर धबधब्यापाशी वॉटसनला प्रेत सापडलेलंच नव्हतं. सापडली होती कड्याला टेकवून ठेवलेली काठी.

तुमच्यातल्या निम्म्या मंडळींनी तशाच माझ्या चपला धरून ठेवल्यात. ‘बॉडी दाखवली नाही म्हणजे अण्णा आहेत.’ ‘एवढ्या नीट काढून ठेवल्यात म्हणजे विचार करून गेलेत.’ एकानं तर अण्णांना त्र्यंबकेश्वरी साधूंमध्ये नेऊन बसवलं, दाढीसकट. खरं सांगू? प्रेत मी लपवलं वगैरे काही नाही. मला ते लिहिता आलं नाही. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी चपला लिहिल्या आणि सुटले.

तुमच्या रागाचं मात्र मला कळतं. पुस्तक हातात असलं की माणूस पान उलटतो. इथं बुधवारनंतर उलटायला पानच नसतं. मग भाकऱ्या थापताना, बसच्या रांगेत, पोराचा अभ्यास घेताना तो पुढचं स्वतःच रचत बसतो. तुम्हीही रचलं होतंत, पत्रात तसं लिहिलंयत : मीरा बाळंतपणाला वाड्यात येणार, अण्णा पणतवंडाला मांडीवर घेऊन त्याच्या मुठीत एक खिळा ठेवणार. इतकं सुंदर मला सुचलं नव्हतं. आणि मी एका बुधवारी ते सगळं पुरात लोटून दिलं. अण्णा माझ्यापेक्षा तुमचेच जास्त गेले. पण मधले सहा दिवस तुमचे असतील तर बुधवार माझा, त्यावर मी हक्क सोडत नाही. अण्णा परत येणार नाहीत.

वाचणं सोडायचंच असेल तर चौसष्टावा भाग वाचून सोडा. त्यात अण्णांची खिळ्यांची पेटी उघडते.

प्रश्न : पुढचा भाग कधी?
— बरेच जण, नावागावाशिवाय

उत्तर : बुधवारी. रात्री साडेनऊला, भांडी आवरली की. पाहुणे आले तर दहा.

प्रश्न : मॅडम, तुमचा सदाशिव जानेवारीत लाल कांदा साठवणीच्या चाळीत भरतो आणि जूनमध्ये भाव चढल्यावर विकून गहाण जमीन सोडवतो. लाल कांदा पाच महिने चाळीत टिकला असता तर आम्ही सगळ्यांनी घरावर माड्या चढवल्या असत्या.
— शेतकरी वाचक, निफाड तालुका

उत्तर : दादा, तुमचं पत्र मागचं आहे. उत्तर द्यायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही, लाज वाटत होती.

मी सत्तावीस वर्षं बँकेत कॅशला बसले. संध्याकाळी एक रुपया कमी आला तरी रात्री आठ-आठपर्यंत शोधत बसायचो. आणि इथं पाच एकरांची जमीन मी चुकीच्या कांद्यावर सोडवून टाकली! ज्यांना दोन्ही कांदे पिशवीत सारखेच दिसतात (माझ्यासारख्या शहरी लोकांना) त्यांच्यासाठी सांगते. लाल कांदा हिवाळ्यात निघतो. अंगात पाणी जास्त, त्यामुळे ठेवला की कोंब फुटतात नाहीतर सडतो. तो काढायचा की मार्केटला न्यायचा, भाव असो वा नसो. चाळीत जातो तो उन्हाळ कांदा. थंडीत लागण, मार्चपासून मेपर्यंत काढणी. नीट सुकवून भरला तर चार-सहा महिने राहतो. भावाची वाट बघायची चैन, जी काय असेल ती, उन्हाळ कांद्यालाच परवडते.

चूक कळल्यावर मी काय केलं? आधी लबाडी केली. रात्री अकराला तो जुना भाग उघडला, ‘लाल’चं ‘उन्हाळ’ केलं, जानेवारीचा एप्रिल, जूनचा सप्टेंबर केला आणि शांत झोपले. मोबाइलवर हे एक बरं असतं असं मला वाटायचं, छापील पुस्तकात शुद्धिपत्र जोडावं लागतं. सकाळी उठून बघते तर एका वाचकानं दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावलेले, कालचा आणि आजचा. खाली एकच शब्द : ‘काकू?’

त्या दिवशी भागाच्या डोक्यावर टीप लिहिली, चूक कबूल केली. पण खरा गोंधळ पुढंच होता. कांदा आता सप्टेंबरमध्ये विकला जाणार आणि नणंदेचं लग्न मी आधीच्या भागात मे महिन्यात लावून मोकळी झालेले. म्हणजे लग्नाला हातात पैसा नाही. म्हणजे आणखी कर्ज. म्हणजे घरात सोनं कुणाचं आहे याचा शोध, आणि ते होतं मीराच्या हातात. सासू मीराच्या पाटल्या मागते तो प्रसंग, ज्यावर तुम्ही सगळे माझ्यावर तुटून पडलात, तो माझ्या आराखड्यात कुठंच नव्हता. तो कांद्यानं लिहायला लावला.

आणि दादा, तुम्ही पत्राच्या शेवटी ‘चाळ बघायला या’ लिहिलं होतंत, म्हणून आम्ही दोघं खरंच आलो होतो. तेव्हाचं एक डोक्यातून जात नाही. चाळीच्या तोंडाशी उभ्या उभ्या तुमच्या आईंनी दोनदा हुंगलं आणि म्हणाल्या, ‘तिकडं, मधल्या खणात.’ मला कसलाही वास येत नव्हता. तुम्ही गेलात, फळ्यांच्या फटीतून हात घातलात आणि हाताला बरोबर एक पिचका कांदा लागला. मग त्याच्या आजूबाजूचे दहा-बारा उचलून, बुडाशी दाबून, कानाशी नेऊन तुम्ही एकेक बघितलेत. कानाशी का, ते विचारायचं राहिलं. पुढच्या खेपेला विचारीन.

प्रश्न : मीरा सासूला उलटून का बोलत नाही? मुकाट पाटल्या काढून देते. एक कानाखाली वाजवायची सोडून! आजच्या काळात अशी बुळी नायिका कोण वाचणार?
— तरुण वाचक, सिडको

उत्तर : तूच वाचतोयस की रे, एकसष्ट भाग झाले.

माझ्याकडे एक वही आहे. डाव्या पानावर सदाशिवनं काय केलं आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात, उजव्या पानावर मीराचं तसंच. डावं पान : सदाशिव दारू पिऊन ट्रॅक्टर बांधावर घालतो. ‘बिचारा, टेन्शनमध्ये आहे.’ उजवं पान : मीरा माहेरी पाचशे रुपये पाठवल्याचं नवऱ्यापासून लपवते. ‘आता मला ती आवडेनाशी झाली.’ डावं पान : सदाशिव चार दिवस बायकोशी बोलत नाही. ‘पुरुषांना व्यक्त होता येत नाही.’ उजवं पान, अठ्ठावन्नावा भाग : मीरा एकदा, एकदाच, सासूच्या तोंडावर दार लावते. ‘संस्कार नाहीत.’ आणि हे उजव्या पानावरचं लिहिणाऱ्यांत बायकाच जास्त. पोरीनं करावं तरी काय?

थप्पड लिहायला मला एक ओळ लागेल. तू शिट्टी मारशील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच घरात, त्याच मोरीत, त्याच बाईशेजारी उभं राहून मीराला दात घासायचेत. ते कोण लिहिणार?

आणि ‘मुकाट’ कुठं रे? तो भाग परत वाच. पाटल्या सात वर्षांत हातात रुतलेल्या, निघत नाहीत. ती अंगणात हौदापाशी बसते, मनगटाला साबण लावते आणि सासूला म्हणते, ‘आई, जरा पाणी ओता.’ सासू तांब्या घेते. ओतत राहते. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहते, तिच्यामागून तिची सून. पहिली पाटली निघायला इतका वेळ लागतो की हौदातलं पाणी निम्म्यावर येतं. दुसरीच्या वेळी सासूचा हात थरथरायला लागतो आणि ती म्हणते, ‘राहू दे आता.’ मीरा म्हणते, ‘ओता, निघंल.’

तुला थप्पड दिसली नाही, कारण ती साबणाची होती.

प्रश्न : आमच्या तीन पिढ्या भांडी बाजारात गेल्या. २०१६ला दुकानात पाणी होतं, सराफ बाजारात पाणी होतं. घाटाच्या पायऱ्या तेव्हा कुठल्या कुठं खाली गेल्या असणार. आमची तांब्याची घंगाळी वाहून गेली. तुमच्या अण्णांच्या चपला पायरीवर शेजारी शेजारी कशा राहिल्या?
— एक व्यापारी वाचक, भांडी बाजार

उत्तर : मान्य. एकदम मान्य. बाहेरगावच्या माणसाला पूर सांगायचा तर गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले असं सांगावं लागतं. आपल्याला दुतोंड्या मारुती पुरतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला, एवढं म्हटलं की नाशिककराला कळतं गाडी कुठून काढायची आणि दुकानातला माल कधी माळ्यावर चढवायचा. मी स्वतः मारुतीच्या गळ्याला पाणी लावलं आणि त्याच घाटाच्या पायरीवर चपला कोरड्या ठेवल्या! ती जोडी मला इतकी आवडली होती की पाणी विसरले. दुरुस्त करते. चपला वाड्याच्या ओट्यावर नेते. या वेळी गुपचूप नाही, टीप देऊन.

प्रश्न : मावशी, मी सहा महिन्यांपासून भाग लिहिते. कुणी दोनच चांदण्या दिल्या की दिवसभर जेवण जात नाही. आता शेवट जवळ आलाय. मैत्रीण म्हणते पोल घे, वाचक म्हणतील तसं कर. करू का?
— कॉलेजातली मुलगी, नाशिक रोड

उत्तर : बाळ, चांदण्यांचं आधी. दोन चांदण्या देणाऱ्यानं खाली काही लिहिलंय का बघ. नसेल लिहिलं तर सोडून दे, बोट घसरलं असेल किंवा त्याचा जावई रुसला असेल. लिहिलं असेल तर वाच, पण बुधवारी रात्री नको. मी शुक्रवारी दुपारी वाचते, जेवण झाल्यावर, वही घेऊन. आणि तीन भाग कायम पुढचे लिहून ठेवते. म्हणजे तुमचा कितीही राग आला तरी तो तीन आठवड्यांनी माझ्या पेनापर्यंत पोचतो, तोवर निवलेला असतो. तुमच्या रागापेक्षा कौतुकानं मी जास्त बिघडते, तेही याच नियमानं निवतं.

पोल मी घेतला होता. नणंदेचं लग्न कुणाशी लावू, मास्तरशी की कंपाउंडरशी? धो धो मतं पडली, घराघरांत भांडणं झाली. एका सासू-सुनेनं एकाच मोबाइलवरून दोन वेगवेगळी मतं दिली. मास्तर जिंकला, मी इमानदारीत लग्न लावलं. मंगलाष्टकं, पाच पक्वान्नं, सगळं. आणि जिंकलेले लोक पुढच्या भागाला फिरकलेच नाहीत! त्यांना हवं ते मिळालं होतं, आठवडाभर डोक्यात घोळवायला काही उरलंच नव्हतं. आले ते सगळे कंपाउंडरवाले. ते अजून येतात. मास्तरला साधी सर्दी झाली तरी लिहितात, ‘आम्ही सांगितलं होतं.’

तुझ्या शेवटाबद्दल कोण काय अंदाज बांधतंय ते मात्र जरूर वाच. सगळ्यांचा अंदाज एकच असेल तर जरा घाबर.

प्रश्न : आपल्या गावात १८४०पासून सार्वजनिक वाचनालय आहे. मी पन्नास वर्षं सभासद आहे. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यानं येणारं आणि वाचकांच्या शेऱ्यांवर हलणारं हे लेखन साहित्य म्हणायचं का? हॉटेलातली ऑर्डर आणि हे यात फरक काय?
— ज्येष्ठ वाचक, पंचवटी

उत्तर : काका, नमस्कार. सावानाची, म्हणजे आपल्या त्याच सार्वजनिक वाचनालयाची, सभासद मीही आहे, फक्त तुमच्याइतकी जुनी नाही.

तुकड्यांबद्दल म्हणाल तर हरिभाऊ आपट्यांनी १८९०मध्ये जे साप्ताहिक काढलं त्याचं नावच ‘करमणूक’. ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातच भागाभागानं आली. आपल्याला ती बांधीव मिळाली, गठ्ठा हातात, रविवारी बसून संपवली. पहिल्या वाचकांना यमूचं पुढं काय होतंय यासाठी पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागलं होतं. त्या आठवड्यांत घराघरांतून काय बोलणं झालं असेल ते खाली लिहायची सोय नव्हती, एवढाच काय तो फरक. माझी मालिका त्या पंगतीत बसत नाही हे मला तुम्ही सांगायच्या आधीपासून ठाऊक आहे. प्रतिलिपीसारखी अॅप्स २०१४नंतर आली नसती तर बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला कोण छापणार होतं? वाड्यातल्या गोष्टी मी सांगत बसले असते, आणि आमच्या ह्यांनी पेपर वाचत ‘हं’ म्हटलं असतं.

ऑर्डरचं म्हणाल तर नाशकात मिसळ गिऱ्हाईकच सांगतं. रस्सा मालकाच्या हातचा असतो. तुम्ही तिखट कमी सांगून बघा, काय उत्तर मिळतं ते.

हे पान आवरून ठेवलं आणि बाजाराला गेले. बुधवार होता. घाटावर माझी एक ठरलेली भाजीवाली आहे, मेथी तिच्याचकडची. तिला वाचता येत नाही, रात्री नात मोबाइलवर वाचून दाखवते, त्यामुळे तिचा हिशेब एक दिवस मागं असतो. अण्णा का मेले, असं तिनं अजून एकदाही विचारलेलं नाही. मीच आपणहून भांडी बाजारच्या पत्राचं सांगितलं. चूक झाली, म्हटलं, चपला ओट्यावर न्यायच्यात.

ती जुड्या मांडत होती. म्हणाली, ‘बराबर हाय त्यांचं. पान्यात चपला ऱ्हात न्हाईत.’

मग एक जुडी झटकली, माती पडली, आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, ‘म्हंजी पानी उतरल्यावर कुनीतरी आनून ठिवल्या. कुनी ठिवल्या वो ताई?’

मी वीसची नोट हातात धरून तशीच उभी राहिले. मागची बाई ‘सरका की’ म्हणाली तेव्हा सरकले. घरी येऊन आधी लिहून ठेवलेले तीनही भाग बाजूला काढले.

भांडी बाजारच्या दादांना कळवते, चपला ओट्यावर नेत नाही. पायरीवरच राहतील. मेथी मात्र तिच्या टोपलीपाशीच विसरून आले.